लंडनची जुनी चर्च आणि काचेच्या प्लेटा

लंडनच्या ‘सिटी’ या सर्वांत जुन्या भागात 1666 च्या भीषण आगीनंतर ख्रिस्तोफर रेनच्या देखरेखीखाली 51 चर्च नव्याने बांधली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तिथे बँका आणि कचेऱ्या वाढल्या होत्या, रहिवासी उपनगरांत गेले होते आणि रविवारीही बाके रिकामी राहत. अशा चर्चमध्ये छायाचित्रकार जड लाकडी कॅमेरे घेऊन शिरले.

हे काम चिकाटीचे होते. अरुंद गल्ल्यांमुळे आत उजेड जेमतेम. जवळच्या खांबापासून दूरच्या वेदीपर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र बारीक करावे लागे, मग कॅमेऱ्यातली काचेची प्लेट कित्येक मिनिटे उघडी ठेवावी लागे. तेवढ्यात कोणी समोरून चालत गेले, तरी त्याची खूणही उमटत नसे. खिडक्यांचा त्रास मात्र मोठा. प्लेटीच्या काचेत शिरलेला प्रखर उजेड मागून परतून खिडकीभोवती पांढरे वलय काढी. त्यावर उपाय म्हणून प्लेटीच्या पाठीला गडद लेप देत. त्या काळच्या बहुतेक प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे ओकच्या तांबूस लाकडावरचे देखणे कोरीवकाम काळवंडे. कॅमेरा वर कलवला की खांब मागे झुकल्यासारखे दिसत, म्हणून कॅमेरा सरळ ठेवून भिंगाची फळीच वर सरकवत.

या कलेतला थोर माणूस फ्रेडरिक एव्हन्स. सिटीतले पुस्तकांचे दुकान 1898 मध्ये सोडून तो कॅथीड्रलांकडे वळला. वेल्स कॅथीड्रलमधल्या झिजलेल्या पायऱ्यांचे त्याचे 1903 चे छायाचित्र आजही थक्क करते. प्लॅटिनमच्या कागदावर तो हातफेर न करता छापत असे. पहिल्या महायुद्धानंतर तो कागद परवडेनासा झाला, तेव्हा त्याने छायाचित्रण थांबवले.

1920 च्या सुमारास 19 चर्च पाडण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यांत सेंट मॅग्नसही होते. लोकांनी कडाडून विरोध केला आणि 1926 मध्ये संसदेने तो प्रस्ताव फेटाळला. मग दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब आले. 29 डिसेंबर 1940 च्या रात्री फ्लीट स्ट्रीटवरचे सेंट ब्राइड्स जळाले. 1941 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड या संस्थेने इमारतींची नवी छायाचित्रे काढवली, जुनीही जमवली. सेंट ब्राइड्स 1957 मध्ये पुन्हा खुले झाले, पण वरच्या गॅलऱ्या परत बांधल्या नाहीत आणि बाकेही समोरासमोर मांडली. मूळ मांडणी आता जुन्या छायाचित्रांत पाहायला मिळते.