कौल मागणारे शब्द

सातारा-सांगलीकडील स्त्रियांना मतपत्रिकेवरील बाटली परिचित आहे. गांवांतील दारूचें दुकान बंद व्हावें असें वाटत असेल तर आडव्या बाटलीस मत, चालूं राहावें असें वाटत असेल तर उभ्या बाटलीस. निरक्षर आजीलाहि हें चित्र वाचतां येतें, आणि 'बाटली आडवी करा' ही घोषणा आयतीच तयार होते. मात्र दुकान बंद होण्यास यादींतील निम्म्याहून अधिक स्त्रियांचीं मतें लागतात. केवळ मतदानास आलेल्यांचीं नव्हेत. त्यामुळें दुकानदाराच्या पक्षास कोणाचें मन वळवावें लागत नाहीं. 'घरीं बसा' एवढा निरोप पोंचला तरी पुरे!

गांजावर असा कौल आपल्याकडे होत नाहीं. १९८५ च्या कायद्यानें गांजाचा फुलोरा निषिद्ध ठरविला. नुसतीं पानें, म्हणजे भांग, त्या व्याख्येबाहेर राहिलीं. अमेरिकेंत मात्र राज्याराज्यांतून मतदान होतें. ओहायोंत २०१५ सालीं समर्थकांनीं गांजाच्या बोंडाचें हंसरें सोंग महाविद्यालयांतून फिरविलें. हें मुलांना भुलविणें आहे, अशी ओरड झाली. व्यापारी लागवडीचा मक्ताहि मोजक्या गुंतवणूकदारांसच मिळणार होता. प्रस्ताव पडला.

कोलोरॅडोचे समर्थक अधिक धोरणी. २०१२ सालीं त्यांनीं गांजाची स्तुति पुढें केली नाहीं. 'दारूप्रमाणें नियमन करा' एवढेंच मागितलें, आणि कौल जिंकला. 'नियमन' या शब्दानें संसारी माणसाची धास्ती कमी होते.

तीच घोषणा बाटली आडवी करणाऱ्या कऱ्हाडच्या बाईस ऐकवावी. 'दारूप्रमाणें' हा शब्द कानीं पडतांच तिचें मत ठरेल, आणि तें कोलोरॅडोसारखें असणार नाहीं.