चित्रफीत किती दाबायची?



बैठकीतल्या भाषणांचे चित्रण आपण आता मोबाइलवरच करतो आणि गावोगाव पाठवतो. गावाकडून एकच तक्रार येते : फाइल उतरत नाही, आणि उतरली तर चित्र फुटते. यातले गणित अवघड नाही. सेकंदाला १००० किलोबिट खर्च केले तर तासाभराचे चित्रण ४५० एमबी भरते. ५०० केले तर २२५. इतका सरळ हिशेब कापसाच्या काट्यावर आपल्याला कधी मिळाला?

पण किती किलोबिट लागतील हे समोर काय आहे त्यावर ठरते. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आज जवळपास प्रत्येक मोबाइलवर चालते. आधीच्या चित्रात जे बदलले तेच ती मुख्यतः नव्याने लिहिते. स्टँडवरून घेतलेले भाषण म्हणून थोडक्यात मावते. वाऱ्यावर डोलणारी ज्वारी मात्र बिट खाते, कारण पानन् पान हलते. दोन्हींना एकच माप लावू नये. हँडब्रेक हा संगणकावरचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात किलोबिट न ठरवता दर्जाचा आकडा, म्हणजे आरएफ, द्यावा. आकडा वाढला की दर्जा उतरतो. सहाने वाढवला तर फाइल साधारण निम्मी होते. भाषणाला ७२० ची चौकट आणि २६ पुरे. आवाजात मात्र काटकसर नको : एका वाहिनीला ६४ किलोबिट ठेवले तरी तासाला २९ एमबीच लागतात, आणि माणसे भाषण ऐकायलाच उघडतात. वेग ‘स्लो’ ठेवा. संगणक रेंगाळतो, पण फाइल सहसा लहान होते.

बोंडअळीचे तसे नाही. बोंडावरचे बारीक छिद्र दिसले नाही तर ते चित्रण काय कामाचे? तिथे १०८० आणि २० ठेवावे. लांबी वीस सेकंद असली तरी चालेल.

आणखी एक. रुईची गाठ सोडली की रुई परत मिळते. इथे दाबताना जे टाकले ते गेले, आणि पुन्हा दाबले की आणखी जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो तिथे पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. नुकसानीचे चित्रण असेल तर मोबाइलमधली मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि भरपाईचा निकाल लागेपर्यंत पुसू नका.