जुन्या ट्रॅक्टरची टकटक आणि मिसिंग
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी सस्यशास्त्राचा शिक्षक. पण वाफसा आला आणि ट्रॅक्टर बंद, तर आमचे पेरणीचे वेळापत्रक कागदावरच राहते. जुने इंजिन टकटक करू लागले की लगेच ते खोलण्याचा सल्ला मिळतो. त्याआधी एवढे पाहावे.

प्रथम ऑइलची पातळी बघा. बारीक, एकसारखी टकटक वरच्या झाकणाखालून येत असेल तर बहुधा टॅपेटचे अंतर वाढलेले असते. ते पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावून घ्यावे.

मिसिंगसाठी आधी डिझेल फिल्टर बदला, लाइनमधील हवा काढा. तरीही थांबले नाही तर इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करा. ज्याचा नट सैल करूनही आवाज बदलत नाही, तोच सिलिंडर काम करीत नाही. त्याचे नोझल तपासून घ्या. ते चांगले निघाले तर मग कॉम्प्रेशन. हात मात्र दूर ठेवा. दाबाचे डिझेल कातडीत शिरते. जखम किरकोळ दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा. कॉमन रेल इंजिनात हा प्रयोग कधीही करू नये.

भार पडताच खोल ठोका ऐकू आला तर बेअरिंगचा संशय धरून ट्रॅक्टर तिथेच बंद करावा व मेस्त्रीला बोलवावे.