काटकसरीची किंमत

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. हवेहून जड असा तो वायू जमिनीलगत सरकला. जे धावले, त्यांच्या फुप्फुसांत अधिकच शिरला. तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही वस्तीला कोणी सांगितले नव्हते. सुरक्षेतील काटकसर मालकाच्या ताळेबंदात बचत म्हणून दिसते. तिची किंमत झोपडीतला माणूस श्वासाने चुकवतो. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात धोक्याची माहिती शेजाऱ्यांना देण्याचे बंधन आले. ती माहिती प्रत्येक वस्तीने मागितलीच पाहिजे.