‘गेले होते’चं इंग्रजी

आजचा विषय इंग्रजी क्रियापदांचे काळ हा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दृष्टीने तो शाळेतच संपला असेल, आणि इथे परदेशात, इंग्रजीतच वाढणाऱ्या तुमच्या मुलांच्या बाबतीत तर तो सुरूच झाला नाही. ती हे काळ ऐकता ऐकता उचलून मोकळी झाली. मला त्याचा विचार परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बाजूने करायचा आहे. पूर्णा तालुक्यातलं हे गाव. सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी पिकवणाऱ्या मुलखातलं. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवतात. म्हणजे आज तिथून दहावीला बसणारी मुलगी दहा वर्षं इंग्रजी शिकलेली असते. ‘मी काल परभणीला गेले होते’ हे तिला इंग्रजीत लिहायला सांगितलं, तर ‘आय हॅड गॉन टू परभणी येस्टर्डे’ असं ती लिहील अशीच शक्यता जास्त. इंग्रजीत तिथे ‘आय वेन्ट’ हवं. हीच चूक पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांमधल्या पत्रव्यवहारातही सर्रास सापडते, तेव्हा ती खेड्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आणि दहा वर्षांच्या शिक्षणाने जी जात नाही, ती बहुधा त्या शिक्षणानेच दिलेली असते. ती कुठून येते हे मला दाखवायचं आहे.

मराठी शाळेतला विद्यार्थी काळांचे दोन तक्ते पाठ करतो. मराठीच्या तासाला वर्तमान, भूत, भविष्य आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती असे चार प्रकार, एकूण बारा. इंग्रजीच्या तासाला पुन्हा बारा: सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. संख्या सारखी, मांडणी सारखी, आणि पहिल्या तीन ओळींची नावं तर एकमेकांची भाषांतरं वाटावीत इतकी जवळची. मग ‘पूर्ण भूतकाळ’ म्हणजेच ‘पास्ट परफेक्ट’ हे समीकरण कोणी फळ्यावर लिहिलं नाही तरी डोक्यात बसतंच. चौथ्या ओळीपाशी मात्र गाडं अडतं. ‘आजोबा रोज मळ्यात जात असत’ हा आपला रीती भूतकाळ. इंग्रजी तक्त्यात त्याला खानाच नाही. इंग्रज तिथे ‘यूज्ड टू गो’ किंवा ‘वुड गो’ म्हणतो, आणि ही रूपं त्या बारांच्या बाहेर राहतात. उलट ‘हॅव बीन लिव्हिंग’ कुठे बसवायचं हे मराठी तक्ता सांगू शकत नाही. या न जुळणाऱ्या ओळीनेच आपल्याला सावध करायला हवं होतं. चौथी ओळ जुळत नाही, तर वरच्या तीन केवळ नावापुरत्या जुळत असतील, ही शंका कुणीतरी घ्यायला हवी होती.

‘गेले होते’ या रूपाकडे नीट पाहू. ‘आजी गावाला गेली आहे’ म्हटलं की आजी अजून गावालाच आहे. ‘आजी गावाला गेली होती’ म्हटलं की ती परत आली. दुसऱ्या वाक्यातली ‘होती’ एवढंच सांगते, की जाण्याने जी स्थिती झाली ती आता उरलेली नाही. ‘मी खिडकी उघडली होती’ असं कुणी म्हणालं, की ती नंतर कुणीतरी लावली हे न सांगताच कळतं. याच रूपाचं आणखी एक काम आहे. ‘बस आली तेव्हा आजी निघून गेली होती’ या वाक्यात घटना दोन, दोन्ही झालेल्या, आणि त्यांतली आधीची कोणती हे ‘होती’ दाखवते. इंग्रजी ‘हॅड गॉन’ यांतलं फक्त हे दुसरं काम करतं. जाऊन परत आल्याची सूचना त्यात नाही. त्यासाठी साधं ‘वेन्ट’ पुरतं. म्हणून ‘आय हॅड गॉन टू परभणी येस्टर्डे’ ऐकणारा इंग्रजी कान पुढच्या वाक्याची वाट पाहतो: गेली होतीस, पण कशाच्या आधी? ते वाक्य येतच नाही. हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली ‘एलिमेंट्स ऑफ सिम्बॉलिक लॉजिक’ या ग्रंथात काळांच्या उलगड्यासाठी तीन क्षण मानले: बोलण्याचा, घटनेचा, आणि जिथे उभं राहून घटनेकडे पाहायचं तो. ‘हॅड गॉन’मध्ये पाहणारा भूतकाळात उभा असतो आणि घटना त्याच्याही मागे असते. मराठी ‘गेली होती’ मात्र आजच्या क्षणात उभं राहूनही म्हणता येतं. ऐकायला हे जड वाटतं, पण नववीच्या वर्गात ते सहज उतरवता येईल. ‘हॅड’ लिहिण्याआधी ‘कशाच्या आधी?’ असं स्वतःला विचारायचं. उत्तर वाक्यात किंवा मागच्या मजकुरात सापडलं नाही, तर ‘हॅड’ काढून टाकायचं. बारा नावं पाठ करण्यापेक्षा हा एक प्रश्न अधिक उपयोगाचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पूर्ण वर्तमानकाळाचं दुखणं वेगळं. ‘हा सिनेमा मी गेल्या वर्षी पाहिलाय’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ‘आय हॅव सीन इट लास्ट इयर’ मात्र इंग्रजीत चालत नाही. संपून गेलेल्या वेळेचं नाव घेतलं की ‘हॅव सीन’ जाऊन ‘सॉ’ यावं लागतं. ही इंग्रजीने स्वतःवर घालून घेतलेली अट आहे. जर्मन माणूस ‘हॅव’च्याच जातीचं सहायक क्रियापद घेऊन त्याच वाक्यात ‘काल’ हा शब्द बिनदिक्कत वापरतो. ‘आम्ही दहा वर्षांपासून इथे राहतो’ या वाक्याचीही तीच गोष्ट. मराठी, हिंदी, जर्मन, फ्रेंच या भाषा तिथे वर्तमानकाळावर भागवतात, इंग्रजीला ‘हॅव लिव्ह्ड’ लागतं. ताडकळसची मुलगी चुकते तेव्हा तिच्या विचारात खोट नसते. जगातल्या मोठमोठ्या भाषांसारखाच विचार ती करत असते, फक्त इंग्रजीची ही अट तिला कुणी सांगितलेली नसते.

आता जरा मागे जाऊ, कारण या कोड्याची किल्ली आपल्याच व्याकरणात पडून आहे. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालचं. दामल्यांनी क्रियापदाच्या रूपांना प्रत्ययांवरून नावं दिली: ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ऊ-आख्यात इत्यादी. रूप ही एक गोष्ट आणि त्यातून निघणारा काळ किंवा अर्थ ही दुसरी, हा त्यामागचा विचार. तो किती खरा आहे हे रोजच्या बोलण्यात दिसतं. हाक आल्यावर ‘आलोच’ म्हणणारा माणूस अजून जागचा हललेला नसतो. निरोप घेऊन जाणारा ‘येतो’ म्हणतो. ‘पाऊस पडला तर पेरणी होईल’ या वाक्यातला ‘पडला’ तर अजून न पडलेल्या पावसाबद्दल बोलतो. इंग्रजीचं वागणं याहून निराळं नाही. ‘द ट्रेन लीव्ह्ज टुमॉरो’ हे रूप वर्तमानाचं, गोष्ट उद्याची. ‘इफ आय न्यू’ यात रूप भूतकाळाचं, पण आशय असा की मला आत्ता माहीत नाही. जॉन वॉलिसने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा इंग्रजी क्रियापदाला त्याने दोनच काळ मानले. लिंडले मरेच्या १७९५च्या व्याकरणात ते सहा झाले, आणि आपल्या शाळांमध्ये बारा. आजचे अनेक भाषाशास्त्रज्ञ पुन्हा वॉलिसच्या बाजूला आले आहेत: रूपं दोन, आणि त्यांना ‘हॅव’, ‘बी’, ‘विल’ यांची जोड. म्हणजे बारांचा तक्ता हा काही इंग्रजीचा अंगभूत सांगाडा नव्हे. ती शिकवण्याच्या सोयीसाठी केलेली मांडणी आहे, आणि मराठी मुलांसाठी ती गैरसोयीची ठरत असेल तर ती बदलायला कुणाची परवानगी लागू नये.

त्यात ताडकळसच्या मुलांची एक जमेची बाजू आहे, आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. परभणी-नांदेडकडे ‘काय करायलास?’, ‘जेवायलो’ असं बोलतात. चालू क्रियेसाठी हे स्वतंत्र, ठसठशीत रूप आहे. ‘मी जेवतो’ आणि ‘मी जेवायलो’ यांत तिथलं लहान मूलही गल्लत करत नाही. शिष्ट मराठीत ‘मी शाळेत जातो’ हे वाक्य रोजच्या सवयीलाही चालतं आणि वाटेत भेटलेल्याला उत्तर म्हणूनही. बोलीत हा संदेह कमी. इंग्रजीत ‘आय गो’ आणि ‘आय अ‍ॅम गोइंग’ यांतला भेद शिकवायला याहून चांगला आधार कुठे मिळणार? पण शाळेत ‘जायलो’ला गावंढळ म्हणून टोकतात, आणि मग तोच भेद ‘सिंपल प्रेझेंट’, ‘प्रेझेंट कंटिन्युअस’ या परक्या नावांनी पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. हे मला अतिशय लागतं.

इंग्रजी शिकवताना मराठी कशाला, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, असा आक्षेप येईल. तुमच्या मुलांचं उदाहरणही पुढे केलं जाईल. पण तुमच्या मुलांच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं: शाळेत, मैदानावर, दुकानात. उलट, ताडकळसचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू. घरात दोन-तीन पिढ्यांचं इंग्रजी मुरलेलं असणं ही पुण्यातल्या काही घरांची गोष्ट. त्या भागात तशी घरं विरळा. जिथे ऐकायला मिळत नाही तिथे समजावून सांगावं लागतं, आणि समजावणं कळत्या भाषेतच होतं. शिवाय मराठी बाजूला ठेवा असं सांगितल्याने ती डोक्यातून जात नाही. मूल मनात भाषांतर करतंच. ते उघडपणे, शिक्षकाच्या देखत करू दिलं तर कुठे घसरलं ते दिसतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या दोन भाषांची वाक्यं शेजारी ठेवूनच. परीक्षेत तक्ता विचारतात हे मात्र खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की तक्ता शेवटी शिकवावा, वाक्यं कळल्यानंतर. समजलेल्या मुलाला तो एका आठवड्यात पाठ होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. भारतात कोट्यवधी लोक ‘आय हॅड गॉन येस्टर्डे’ म्हणतात, ऐकणाऱ्याला कळतं, मग ती भारतीय इंग्रजीची रीतच का मानू नये? बोलण्यापुरतं मला हे मान्य आहे, आणि अशा बोलण्याला हसणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण ही मुलगी इंग्रजी वाचणारही आहे. करारात, औषधाच्या माहितीपत्रकात, अभ्यासाच्या पुस्तकात ‘हॅड’ येतं तेव्हा ते घटनांचा क्रम सांगत असतं; ती त्यातून ‘होऊन गेलं’ एवढाच अर्थ काढेल आणि क्रम निसटेल. डॉक्टरला ‘आय हॅव टेकन द टॅब्लेट’ आणि ‘आय हॅड टेकन द टॅब्लेट’ या वाक्यांतून निरनिराळी माहिती मिळते. स्वतःची रीत ठेवण्याचं स्वातंत्र्य तिला जरूर असावं, पण दोन्ही रीती ठाऊक असतील तरच त्याला स्वातंत्र्य म्हणता येईल.

इथे परदेशातल्या तुमच्या मराठी मंडळाचा संबंध येतो. गावाकडच्या शाळांना पुस्तकं पाठवण्याची तुमची इच्छा असते. त्यासोबत आणखी एक काम करता येईल. ताडकळससारख्या गावातल्या मुलांनी स्वतःच्या बोलीत वाक्यं लिहून पाठवावीत, प्रसंग समजावून. इथल्या मुलांनी ती इंग्रजीत सहज जशी येतील तशी म्हणावीत आणि त्यांचं ध्वनिमुद्रण व्हावं. त्या गावाला जे ऐकायला मिळत नाही ते मिळेल. इथल्या मुलांनाही त्याचा उपयोग आहे, कारण घसरगुंडी दोन्ही बाजूंनी होते: इंग्रजीच्या वळणाने मराठी बोलणारं मूल, परत आलेल्या आजीबद्दलही ‘आजी भारतात गेली’ म्हणून थांबतं, आणि आजी आता कुठे आहे ते मराठी कानाला कळत नाही. वाक्यं निवडताना ‘तर’ असलेली भरपूर घ्यावीत. ‘पाऊस पडला तर’ हे त्या गावात रोजचं बोलणं आहे. त्याचं इंग्रजी ‘इफ इट रेन्स’ असं होतं, आणि मुलं एकतर ‘पडला’ पाहून ‘इफ इट रेन्ड’ लिहितात, नाहीतर पाऊस पुढचा आहे म्हणून ‘इफ इट विल रेन’.