कातारी : एका अनामिक कलावंताविषयी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जयनगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बी.ए.पर्यंत शिकलेल्या आणि उभी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत फायली हाताळण्यात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. साहित्यावर आणि संगीतावर बोलणारी अधिकारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून ज्याच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही, पण ज्याच्या हातची एखादी तरी वस्तू आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे, अशा कलावंताविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही ठरविले. तो कलावंत म्हणजे कातारी.

सुतार आणि कातारी या दोघांचे दैवत लाकूडच. पण सुताराचे लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते, तर कातार्‍याचे लाकूड फिरते आणि हत्यार जागच्या जागी धरलेले असते. लाटणे, कुंकवाचा करंडा, पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, मुलांचा भोवरा, तंबोऱ्याच्या खुंट्या या सर्व वस्तू कातार्‍याच्या. ‘कातीव’ हा शब्दही आपणांस त्याच्याच धंद्याने दिला. येथून जवळ असलेल्या बेलूर आणि सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरांत जे गुळगुळीत, वलयांकित खांब आपण पाहतो, तेही कातीवच. मऊ दगड फिरवून त्यांना तो घाट दिला, असे अभ्यासक मानतात. बेलूरच्या मंदिराचा आरंभ १११७ सालचा आणि सोमनाथपूरचे मंदिर तेराव्या शतकातले. म्हणजे ही विद्या आपण समजतो तितकी सामान्य नव्हे.

ती मुळात किती जुनी आहे हे पाहावयाचे तर इजिप्तमध्ये जावे लागते. तेथील पेटोसिरिस नामक धर्मगुरूच्या थडग्यातील शिल्पचित्रात दोन माणसे लाकूड कातताना दाखविली आहेत. एक दोरी ओढून लाकूड फिरवितो, दुसरा हत्यार धरतो. हे चित्र इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांचे आहे. आपल्याकडील कातार्‍याने या दोघांचे काम एकट्याने केले. तो जमिनीवर बसे, एका हाताने धनुकली मागेपुढे ओढून लाकूड फिरवी, दुसऱ्या हाताने पटाशी धरी आणि पायाच्या बोटांनी तिला आधार देई. लाकूड एकदा सुलट, एकदा उलट फिरे. हत्यार टेकवायचे ते फक्त सुलट फेऱ्यात. हा ताल ज्याच्या अंगी मुरला तो कातारी झाला.

या कलेचे मर्म थोडे सांगावयास हवे. लाकूड हा निर्जीव गोळा नव्हे. त्याचे तंतू असतात आणि धार त्या तंतूंच्या कलाने चालवावी लागते. लाटण्यासारखी लांबट वस्तू कातताना हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यायचे. उलट नेले की तंतू उचकटलेच. धार चांगली असेल तर लाकडाची फितीसारखी लांब साल निघते. बोथट असेल तर नुसता भुसा उडतो. जाणता कातारी आवाजावरूनच हे ओळखतो. शिवाय लाकूड वाळताना सर्व बाजूंनी सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या जवळजवळ निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. त्यामुळे ओल्या लाकडाचा आज गोल कातलेला वाडगा वाळल्यावर लंबगोल होतो. म्हणून आधी ओबडधोबड कातून ठेवायचे, काही महिने वाळू द्यायचे आणि मग अखेरचा हात फिरवायचा. घाई करणाऱ्यास ही कला प्रसन्न होत नाही.

महाराष्ट्रात या विद्येचे माहेर म्हणजे सावंतवाडी. तेथील चितारी मंडळी लाकूड कातण्यात आणि ते रंगविण्यात सारखीच निष्णात. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळे, भातुकलीची भांडी, पाट आणि करंडे हे त्यांच्या चितार आळीचे वैभव. हाताने रंगविलेले गंजिफाचे गोल पत्तेही तेथलेच. संस्थाने गेली, राजाश्रय आटला आणि गंजिफा तर नामशेष होण्याच्या बेतास आली. त्या वेळी श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. राजाने कारागिरास पोसावे ही जुनी रीत. राजाने कारागिराचे शिष्यत्व पत्करावे ही त्याहून मोठी गोष्ट. सावंतवाडीचे नाव आज टिकून आहे त्यात या शिष्यत्वाचा वाटा मोठा आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. जयनगरहून म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे साठ किलोमीटर गेले की चन्नपट्टण लागते. कन्नड बांधव त्याला ‘गोंबेगळ ऊरू’, म्हणजे बाहुल्यांचे गाव म्हणतात. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून ही कला येथे रुजविली अशी परंपरा आहे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी बावस मियाँ यांनी जपानी पद्धती शिकून येथल्या कारागिरांना शिकविल्या असे सांगतात. येथले लाकूड ‘आले मर’ नावाच्या झाडाचे. पांढरे, मऊ, बारीक पोताचे असे हे लाकूड परके वाटेल. पण हा आपल्या सह्याद्रीतला काळा कुडाच! आंध्रातील एटिकोप्पाका गावचे कारागीरही हेच लाकूड वापरतात.

चन्नपट्टणची खरी नवलाई रंगात आहे. तेथे कुंचला नाही आणि रंगाचा डबाही नाही. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाने ऊब निर्माण होते, लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग एका झाडाच्या पानाची पट्टी दाबून धरली की ती लाख सारखी पसरते आणि आरशासारखी झळकू लागते. जे फिरणे आकार देते, तेच फिरणे रंगही देते.

आम्ही काही वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो तेव्हा आमच्या आजीचे कोकणातले लाटणे बरोबर नेले होते. त्याची एक मूठ चिरली होती आणि तसेच दुसरे करून हवे होते. ज्यांच्या कार्यशाळेत गेलो ते साठीच्या घरातले गृहस्थ. त्यांनी लाटणे हातात घेतले. पण मुठीकडे न पाहता आधी दोन्ही टोके पाहिली. दोन्हींच्या मध्यभागी एकेक बारीक, गोल खळगा होता. ते हसले आणि कन्नडमध्ये म्हणाले, “हे विजेवर केलेले नाही. धनुकलीवर केले आहे. माझे आजोबा असेच करीत.” विजेच्या यंत्रात एका टोकाला पकडीची खूण राहते, धनुकलीवर लाकूड दोन खिळ्यांच्या मध्ये नुसते टांगलेले असते, म्हणून दोन्ही टोके सारखी. आमच्या घरात तीन पिढ्या पोळ्या लाटल्या गेल्या, पण ते दोन खळगे कोणी पाहिले नव्हते. कोकणातल्या एका अज्ञात कातार्‍याची सही कर्नाटकातल्या दुसऱ्या कातार्‍याने वाचली; तिला भाषेची अडचण आली नाही.

नवे लाटणे करताना त्यांनी मोजपट्टी घेतली नाही. जुने डाव्या हातात चाचपावे आणि उजव्या हाताने कातावे, एवढेच. बोलता बोलता आम्ही विचारले, हे काम पुढे कोण करणार? त्यांचा मुलगा बंगळुरात नोकरीस होता. “त्याला महिन्याची पगारचिठ्ठी मिळते,” ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. पण आम्ही स्वतः पगारचिठ्ठीवर संसार केलेला माणूस. त्या वाक्याने आम्हांस गप्प केले.

सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि आमच्या तोंडी तर ते शोभणारही नाही. निष्णात कारागिरांना १९६५ पासून राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. २००२ पासून ‘शिल्पगुरू’ हा बहुमान आहे. चन्नपट्टणच्या खेळण्यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एटिकोप्पाकाच्या कलेसाठी श्री. सी. व्ही. राजू यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. परंतु मानांकन रक्षण करते ते नावाचे. हाताचे रक्षण त्याने होत नाही. जपानने १९५० च्या कायद्यात पुढे दुरुस्ती करून कलेबरोबर ती कला ज्याच्या हाती आहे त्या माणसाचीही नोंद करण्याची सोय केली. तेथे लोक अशा कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. अमेरिकेत बॉब स्टॉक्सडेल या गृहस्थाने दुसऱ्या महायुद्धात लढण्यास सद्‌सद्विवेकाने नकार दिला. त्याची रवानगी ज्या छावणीत झाली, तेथे तो लाकडाचे वाडगे कातू लागला. पुढे त्याच्या वाडग्यांना संग्रहालयांत जागा मिळाली आणि त्यांवर त्याचे नाव असे. आपल्या कातार्‍याचे काम त्याहून उणे नाही. उणे आहे ते फक्त नाव.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. मुलांना मराठी यावी, सण कळावेत म्हणून आपण धडपडतो आणि ते योग्यच आहे. परंतु संस्कृती केवळ जिभेवर राहत नाही, ती हातातही राहते. आणि हाताची विद्या पुस्तकात घालून ठेवता येत नाही. एका पिढीने ती हातात घेतली नाही की ती गेली.

म्हणून मंडळास आमची एकच विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपण दरवर्षी वाण लुटतो. अलीकडे त्यात प्लास्टिकच्या डब्या आणि वाट्याच अधिक दिसतात. येत्या संक्रांतीस आपल्या भगिनींनी चन्नपट्टणच्या किंवा सावंतवाडीच्या कातार्‍याकडून कुंकवाचे लाकडी करंडे घ्यावेत. ते घासाघीस न करता, मागणी चार महिने आधी नोंदवून घ्यावेत, म्हणजे लाकूड वाळण्यास अवधी मिळेल. आणि प्रत्येक करंड्याबरोबर एक चिठ्ठी द्यावी; तीवर मंडळाचे नाव नसले तरी चालेल, पण ज्याने तो कातला त्याचे नाव अवश्य असावे. पन्नास वर्षांच्या मंडळास हे अवघड नाही. निदान आपल्या घरांत तरी तो अनामिक राहू नये.