नदीच्या वाळवंटातील एक रहिवासी

चैत्रात नर्मदेचे पाणी ओसरून गोटे उघडे पडले, म्हणजे त्या वाळवंटात चिमणीहून किंचित मोठा असा एक पक्षी वावरू लागतो. वावरतो खरा, पण दिसत नाही. पाठ वाळूच्याच रंगाची. तो उभा राहिला की गोटाच. लगबगीने चार पावले धावावे, एकाएकी थबकावे, किडा टिपावा आणि पुन्हा धावावे, अशी त्याची रीत. ही धाव दृष्टीस पडली तरच त्याचा पत्ता लागतो. हा लहान कंठेरी चिखल्या.

कंठा म्हणजे पांढऱ्या छातीवरचा काळा पट्टा. परंतु केवळ कंठ्यावर विसंबणारा फसतो. याचा भाऊबंद केंटिश चिखल्या. त्याचा कंठा पुढे तुटलेला असतो. पण आपल्या पक्ष्याच्या वाढत्या पिलांचा कंठाही तपकिरी आणि पुष्कळदा तुटकच असतो! तेव्हा प्रौढ पक्ष्याच्या डोळ्याकडे पाहावे. सोन्याच्या बारीक तारेचे वळे बसवावे तसे पिवळे कडे तेथे दिसेल. एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर तो उडेपर्यंत धीर धरावा. केंटिशच्या पंखावर पांढरी रेघ चमकते. याचा पंख साधाच.

विद्वानांनाही याने चकविले आहे. फिलिपाईन्समधील या पक्ष्याविषयी सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७७६ साली लिहिले, तेव्हा हा मोठ्या कंठेरी चिखल्याचाच एखादा प्रकार असावा, असे त्याला वाटले. पुढे १७८६ साली स्कोपोलीने शास्त्रीय नाव दिले, त्यात 'डुबियस', म्हणजे संशयास्पद, हा शब्द आला. संशय केव्हाच फिटला. नाव मात्र चिकटून राहिले.

ओळखीची खरी निकड उन्हाळ्यात भासते. याचे घरटे म्हणजे गोट्यांमधला उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोके आत वळविलेली, आणि रंगाने इतकी बेमालूम की पाय पडेपर्यंत कळू नयेत. त्याच वाळूत गुरे उतरतात, वाळूच्या गाड्या फिरतात. माणूस जवळ आला की पक्षी पंख मोडल्याची बतावणी करीत लंगडत दूर जातो.

मीही एकदा अशा लंगड्यामागे पन्नास पावले गेलो. मग तो खुशाल उडाला. परतताना मात्र मी माझ्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवीत काठापर्यंत आलो.